गॅलरीतली शेवंताबाई

नोकरीतून मोकळा होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी रामदासपेठेत चहाला चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "गॅलरीतलं काही सांगा." सत्तरच्या दशकात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मी विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत ड्युटीला असायचो. खाली आमदारांनी बोलायचं, वर लोकांनी नुसतं ऐकायचं, आणि लोक नुसतं ऐकतात ना, हे मी पाहायचं. माणसांना गप्प बसवण्याची नोकरी असली की किस्से आपोआप साचतात.

काटोलकडचे एक संत्रेवाले बाबा होते. मंत्र्यांचं उत्तर आवडलं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "बाबा, इथे टाळ्या चालत नाहीत."

"मंग खाली तो बाक बडवून राहिला, त्याले काहून नाही सांगत?"

"ते सदस्य आहेत."

"अन् त्याले सदस्य कोनं केलं गा?"

मी पुढच्या रांगेकडे वळलो.

एकदा प्रताप नगरातले एक मास्तर वर्गच घेऊन आले. खाली गदारोळ चाललेला. एका मुलीने विचारलं, "सर, पुस्तकात तर लिहिलंय की सभागृहात चर्चा होते. हे तर सगळे एकदमच बोलून राहिले." मास्तर म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलं लिही."

पण सगळ्यांत लक्षात राहिली ती शेवंताबाई. मौद्याकडच्या एका खेड्यातली, शेतमजुरी करणारी, पन्नाशीची बाई. तिचं गाव आणि सडक यांच्या मधे नाला. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाव तुटायचं. अशाच एका पुरात तिची बाळंतपणात अडलेली सून काठावर बाजेवर पडून राहिली, आणि पलीकडे नेता येण्याआधीच गेली. निवडणुकीत त्यांच्या आमदारांनी त्याच काठावर येऊन पुलाचा शब्द दिला होता. तो शब्द ते विधानसभेत काढतात का, एवढंच बघायला बाई आली होती. गॅलरीत यायच्या पासवर सही आमदारांचीच.

पहिल्या दिवशी जाताना तिने मला विचारलं, "भाऊ, आमचा आमदार बिमार आहे का?"

"नाही. का हो?"

"तोंड नाही उघडलं त्यानं."

मग ती रोज आली. शेवटच्या दिवशी आमदार बाहेर पडताना तिने त्यांना पोर्चमध्येच गाठलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "साहेब, नुसतं बसाले नाही धाडलं आमी तुमाले. बसाले आमच्या गावात पार आहे."

पुढच्या हिवाळ्यात आमदारांनी पासवर सहीच केली नाही. मला वाटलं, बाई आता काही येत नाही. तर आली, हातात विरोधी पक्षाच्या आमदाराच्या सहीचा पास! मी विचारलं, हे कसं जमवलं? म्हणाली, "आमच्या साहेबावर कोनी नजर ठेवली तं विरोधवाल्यायले बी बरंच वाटते ना, भाऊ."

त्या वर्षी आमच्या गावच्या नव्हे, बाईच्या आमदारांनी पुलाचा प्रश्न विचारला. मंत्र्यांनी उत्तर दिलं, "माहिती मागवण्यात येत आहे."

जिना उतरताना बाई म्हणाली, "कोनाले मागून राहिले? मी तं इथंच बसून होती."

पूल पुढे झाला, गावात एसटीही जायला लागली. पण ज्या दिवशी तो सभागृहात गाजला, तो दिवस सांगितल्याशिवाय मंडळी मला उठू देत नाहीत.

तिसरा हिवाळा होता. आमदारांची लक्षवेधी सूचना लागली होती. या खेपेस ते नीट तयारीने आले होते. नाला, पूर, बाज, सगळं त्यांनी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बाजेवर गेलेल्या त्या सुनेचं नाव सुमन होतं." वर शेवंताबाईने पुढचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. कठड्याला हात लावायची मनाई होती. मी दुसरीकडे बघितलं.

मंत्री म्हणाले, "निधी उपलब्ध होईल त्याप्रमाणे विचार करू."

आमदार उभेच. अध्यक्षांनी घंटा वाजवली. "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

"अध्यक्ष महोदय, मी आता खाली बसलो, तर पुढच्या निवडणुकीत गॅलरीतली ती बाई उभी राहील."

दोन्ही बाजूंचे बाक हसले. अध्यक्षांनी मोठ्या कष्टाने चेहरा गंभीर ठेवला. "गॅलरीतल्या व्यक्तीचा उल्लेख सभागृहात करता येत नाही. तो मागे घ्या."

"उल्लेख मागे घेतो, महोदय," आमदार म्हणाले. अजून उभेच होते. "बाई मागे घेणं माझ्या हातात नाही."