पहिली पावती रद्द

वजनकाट्यावरच्या कारकुनाला ट्रकवाले 'काटेवाले' म्हणत. एकतीस वर्षं एकच खिडकी: भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो भागाकार करी.

"काटेवाले, तुमची बाकी सावकाश काढा. आम्ही इथंच म्हातारे होतो," ड्रायव्हर म्हणत. तो पावती फाडी.

हे खूळ दादामुळे लागलं. दादा गणिताचा प्राध्यापक. हा शाळा संपताच कामाला लागलेला. "तू आपली वजनं कर, डोक्याचं काम माझ्याकडे," असं दादा चारचौघांत म्हणायचा. चार वर्षांपूर्वी याने एकदाच तोंड उघडलं, "मला जमेल असं काही देऊन तर बघ."

दादाने चिठ्ठीवर आकडा लिहिला: १,००,०७,३०,०२१.

"मूळ संख्या की संयुक्त, सांग. यंत्राला हात लावायचा नाही. बरोबर आलं तर चारचौघांतच शब्द मागे घेईन."

संख्या विषम. अंकांची बेरीज चौदा, म्हणून तीनने भाग जात नाही. सातने भागलं की बाकी चार. असं एकेका मूळ संख्येने भागत एकतीस हजार सहाशेच्या थोडं पुढे जायचं. तोवर भाग गेला नाही तर संख्या मूळ, कारण दोन विभाजकांपैकी धाकटा त्याच्या आतच सापडायला हवा. भागाकार सुमारे चौतीसशे. जुन्या छापाची पावतीपुस्तकं पडून होती. त्याने प्रत्येक पावतीच्या माथ्यावर एकेक मूळ संख्या आधीच लिहून ठेवली. दहा हजारांनंतर नीटनेटकेपणासाठी वेगळं पुस्तक सुरू केलं. रोज दोन-तीन भागाकार होत.

तिसऱ्या वर्षी दादाला झटका आला. वाचा गेली, समज राहिली. आता शब्द मागे घेणं कुठलं? पण दादाने नुसती मान हलवली असती तरी याला पुरलं असतं.

शेवटची संख्या ३१,६२७. बाकी वीस हजार एकशे चौदा. तो कामावरून थेट दादाकडे गेला.

"दादा, मूळ आहे. एकानेही भाग गेला नाही."

दादाचं बोट चादरीवर फिरू लागलं. एक उभी रेघ, एक गोल, आणखी एक गोल.

"भावोजी, आता त्यांना पडू द्या, दमलेत," वहिनी म्हणाली.

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. अकराव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने वहिनीने दादाची वही आणून दिली. "यात तुमच्यासाठी काही लिहिलंय, म्हणून आणली." एका पानावर दादाच्या अक्षरात होतं: १०,००७ × १,००,००३. खाली, 'धाकट्यासाठी. दहा हजार ओलांडले की पहिल्याच पायरीवर सापडेल. तेवढा चिकट आहे तो.'

त्याने दहा हजारांनंतरचं पुस्तक काढलं. पहिल्या पावतीच्या माथ्यावर १०,००७ होतं, आणि त्यावर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिलेलं. काट्यावरची रीतच ती: नवं पुस्तक उघडलं की कार्बन उमटतो का पाहायचं आणि पहिली पावती रद्द करायची. त्याने सगळी पुस्तकं उलटली. सगळ्यांची पहिली पावती रद्द होती, भागाकार दुसरीपासून.

त्याने त्याच पावतीच्या पाठीवर भागाकार केला. बाकी शून्य. सांगायला कोणी नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला. चालू पुस्तक संपलं होतं, म्हणून त्याने नवं घेतलं, पहिल्या पावतीवर तिरकी रेघ ओढली आणि दुसरीवर गाडीचा नंबर लिहिला.