मुद्दाम केलेले खड्डे

बीड जिल्ह्यात डांबरी रस्ते झाले याचं मनापासून दुःख झालेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतो. सगळी गल्ली त्यांना जीपवाले मामा म्हणते. सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप त्यांनी एकतीस वर्षं चालवली. पुढे कारखाना बंद पडला, जीप भंगारात गेली, पण मामांच्या नावामागचं 'जीपवाले' काही सुटलं नाही. एरवी त्यांचा आवाज इतका मवाळ की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना ओळखीच्या माणसासारखं वागवतात. रस्त्यांचा विषय निघाला की मात्र तो चढतो. डांबर आलं आणि ड्रायव्हर संपला, असं त्यांचं ठाम मत आहे. "डांबरावर गाडी म्हैसबी चालवल," असं ते मला एकदा म्हणाले, आणि म्हशीचा उगाच अपमान झाला असं वाटून लगेच म्हशीच्या दुधाची तारीफ करू लागले.

दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत मामांना बसवणं म्हणजे त्यांचे हाल करणं. एसटीत ते ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा धरतात आणि पूर्ण प्रवासभर उजव्या पायाने ब्रेक दाबत राहतात. त्यामुळे त्यांची उजवी चप्पल डावीच्या आधी झिजते. चांभाराने एकदा त्यांना लंगडता का म्हणून विचारलं होतं, तेव्हा ते आठवडाभर त्या बाजूला फिरकले नव्हते.

दुष्काळाच्या गोष्टी ऐकाव्यात तर त्यांच्याकडून. पाऊस नाही म्हणजे ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणजे शेतकी अधिकाऱ्याने तो हुडकत हिंडायचं. साहेब शेजारी, मामा स्टिअरिंगवर, आणि चाकाखाली ओढा, नाला, नदी, जे काही कोरडं असेल ते. दुष्काळात नद्याच रस्त्याच्या कामी येत असल्यामुळे वाहतुकीची सोय फार चांगली होती, असं ते गंभीर चेहऱ्याने सांगतात. एकदा दिवसभर दगडधोंड्यांतून गेल्यावर एका विहिरीच्या कडेला अर्धा एकर ऊस दिसला. साहेब खाली उतरले, चपला बांधावर काढून फडात शिरले. शेतकरी हात जोडून म्हणाला, हा बैलांसाठी ठेवलाय, कारखान्याला देता यायचा नाही. साहेब चपला घालून परत जीपमध्ये येऊन बसले. मामांनी जीप वळवली आणि घरापर्यंत साहेबांना एकही धक्का बसू दिला नाही. तेवढंच आपल्या हातात होतं, असं ते म्हणतात.

गेल्या श्रावणात मामी गेल्या. मुलगा पुण्याला, रविवारी फोन करतो. तेव्हापासून मामा घरात कमी आणि ओट्यावर जास्त असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतात, आणि माणूस थांबला की त्यांना बोलायला काही सुचत नाही. मी शाळेतून निवृत्त झालेला रिकामा माणूस, मला थांबायला काय हरकत होती? पण मीसुद्धा कितीदा तरी पिशवी हलवत, घाईत असल्यासारखा, त्यांच्यासमोरून निघून गेलो आहे. याची मला लाज वाटते, आणि ती लिहून टाकलेली बरी.

यंदाच्या उन्हाळ्यात बीडजवळच्या पालीच्या पुढे, बरड माळावर, पुण्याहून परत आलेल्या एका जमीनदाराच्या मुलाने जीपगाड्या फिरवायचं मैदान काढलं. तिथल्या धरणात चिखलसुद्धा उरला नव्हता, जमिनीत काही उगवत नव्हतं, तेव्हा त्याने तिथे जेसीबी लावून खड्डे, चढ आणि चर करून घेतले. शहरातली माणसं येऊन, तिथल्याच जीप भाड्याने घेऊन त्यांतून घालू लागली. एका सकाळी मामा माझ्या फाटकाशी आले आणि मला गाडी लागते का, असं त्यांनी विचारलं. मला मांजरसुंब्याच्या घाटात एसटीतही उलटी होते. पण कशासाठी विचारताय, म्हटल्यावर ते खाली बघून म्हणाले, "एकट्याला आत सोडत न्हाईत, सर. परवा गेलतो मी. शेजारी माणूस लागतंय म्हणाले."

म्हणजे हे एकटेच पालीपर्यंत जाऊन, दारातून परत आले होते. स्वतःच्या मुलाला फोनवर विचारलं तर तो या वयात कशाला म्हणाला होता. जीप पुन्हा एकदा हातात यावी एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती शेजारच्या एका रिकाम्या जागेपायी अडली होती. मी लिंबू खिशात टाकलं आणि निघालो.

मामांनी मैदान कडेकडेने फिरून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे खड्डे कावून केलेत?" लोकांना आवडतात म्हणून, असं मी सांगितलं. चाळीस वर्षं रस्त्यासाठी अर्ज करणारी गावं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. फॉर्म भरताना काही झालं तर कुणाला कळवायचं, असा एक रकाना होता. मामांनी विचार न करता तीनच आकडे लिहिले. तो कारखान्याच्या शेतकी ऑफिसचा जुना नंबर होता. टोपी घातलेल्या व्यवस्थापकाने हा नंबर अपुरा आहे म्हटल्यावर मी तो खोडून माझा लिहिला. मामांनी ते पाहिलं आणि उगाचच जीपचं बॉनेट टॉवेलने पुसायला घेतलं.

आम्ही बसलो, पट्टे बांधले, टोपीवाल्याने शिट्टी वाजवली. मामा हलेनात. इंजिन चालू, हात गिअरवर, नजर समोर. टोपीवाला जवळ येऊन म्हणाला, जाऊ द्या काका. मामांनी विचारलं, कुठं? कुठं नाही, गोल फिरून परत इथंच यायचं, असं तो म्हणाला. ते मामांना पटेना. कुठं जायचं हे कुणी सांगितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात चाक हलवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे इतकं अडचणीत पडून पाहिलं की मी कधी नव्हे तो साहेबी आवाज काढला. "मांजरसुंब्याकडे घ्या. ऊस बघायचाय."

"जी," मामा म्हणाले, आणि जीप सुटली.

मी डोळे मिटून धक्क्याची वाट पाहत बसलो. तो आलाच नाही. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं उसळून ओरडत होती, आणि आमची जीप त्याच खड्ड्यांत अलगद उतरून तशीच वर येत होती. लिंबू खिशातच राहिलं. दुसऱ्या फेरीला मी केज सांगितलं, तिसरीला धारूर. प्रत्येक वेळी "जी", आणि त्यांची मान जराशी ताठ. मामी गेल्यापासून मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

शेवटच्या फेरीच्या आधी मला वाटलं, निदान ही तरी त्यांच्या मनासारखी व्हावी. मी म्हणालो, "मामा, आता तुम्ही सांगा. तुम्हाला कुठं जायचंय?"

ते विचारात पडले. हा प्रश्न त्यांना यापूर्वी कुणी विचारला नसावा. मग समोर बघतच म्हणाले, "घर सोडून कुठंबी न्या, सर. घरी गेलं की कुठं गेलते म्हणून इचारणारं कुणी न्हाई."

वेळ संपत आली म्हणून टोपीवाला हात करत होता. मी घाईघाईने अंबाजोगाई म्हणालो, कारण त्या घडीला तेच सगळ्यात लांबचं आठवलं. मामा "जी" म्हणाले. त्या फेरीला त्यांनी गिअर बदललाच नाही. पहिल्यातच ठेवून, माणूस चालतो त्याहून हळू, ते प्रत्येक खड्ड्याशी थांबत थांबत जीप नेत राहिले, आणि अंबाजोगाई अजून लांब आहे असं धरून मीही शेजारी बसून राहिलो.