वर्षभराची खोटी कुस्ती

माझ्या मुलीला तिच्या तालमीतल्या एका पैलवानाने वर्षभर फसवलं. तिच्याकडून तो मुद्दाम पडत राहिला. तिच्या वस्तादाला हे ठाऊक होतं आणि त्याने तोंड उघडलं नाही.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करते. आटपाडीच्या माळावरून येऊन आठवडी बाजारात पुरुषांच्या गर्दीत उभी राहिले, तेव्हा मला कुणी जागा करून दिली नव्हती. समोरचा खोटं बोलायला लागला की माझं डोकं फिरतं. म्हणून मुलीला सांगलीच्या तालमीत घालताना वस्तादाला एकच अट घातली होती. पोरगी म्हणून सूट द्यायची नाही.

"आक्का, मातीला बाई-बाप्या कळत न्हाई," तो म्हणाला होता.

तालमीत तिच्या वजनाची दुसरी मुलगी नव्हती. वस्तादाने तिची जोड एका पैलवानाशी लावली. तो तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पण अंगाने बारीक, अबोल. मला पाहिलं की वाकून नमस्कार करायचा. सुरुवातीला त्यांच्या कुस्त्या बरोबरीत सुटायच्या. मग ती जिंकायला लागली आणि जिंकतच राहिली.

रहिमतपूरच्या बाजूला एका गावच्या जत्रेत दोघांची कुस्ती ठरली. टेम्पोतून जाताना ती मोबाईलवर जपानी चित्रकथा वाचत होती. मांगा म्हणतात त्याला. त्यातला तलवारबाज पुरुष समोर आला की कापून काढतो, बाई समोर आली की तलवार म्यानातच ठेवतो. त्याला तलवार त्याच्या आईनेच शिकवलेली. लहानपणी सरावात त्याने जीव खाऊन वार केला आणि आईचं मनगट कायमचं गेलं. तेव्हापासून बाईवर त्याचा हात उठत नाही. सांगताना मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आणि समोरच्या बाईला कुणी इचारलं का, की बाई, तुला हे चालंल का?" मी म्हणाले.

"आये, तू चित्रातल्या माणसासंगं बी घासाघीस करतीस."

ती हसली. मी गाडीबाहेर बघत राहिले. ऊन चांगलं लख्ख होतं, तरी माझ्या मनाला बरं वाटत नव्हतं.

कुस्ती पाच मिनिटं चालली असेल. मी कडेला, हलगीवाल्याच्या शेजारी उभी होते. तिने कमरेला हात घातला आणि पकड बसायच्या आधीच त्याची कंबर ढिली पडली. तो पाठीवर गेला. लोकांनी तिला उचलून घेतलं, वस्तादाने फेटा बांधला. त्या गर्दीत मी फक्त त्या पैलवानाकडे बघत होते. पाठीची माती झटकताना त्याचा चेहरा अगदी निवांत होता. हरलेला माणूस असा दिसत नाही.

मी वस्तादाला बाजूला घेतलं. "ह्यो पडला का पाडला?"

"आवं आक्का, पोरगी जिंकली तरी तुमची तक्रार हायच का?"

आजूबाजूचे हसले. बाजारात शिंगाला चीर दिसली तर सौदा मोडणारी मी, त्या दिवशी तिच्या डोक्यावरचा फेटा बघून गप्प बसले. तेवढी चूक माझी.

दोन महिन्यांनी सांगलीत निवडीच्या कुस्त्या होत्या. तिच्यासमोर कराडकडची एक मुलगी आली. माझ्या मुलीने तोच हात कमरेला घातला, वर्षभर जिथे घातला होता तिथेच, आणि कंबर ढिली पडायची वाट बघत क्षणभर थांबली. मला ते थांबणं स्पष्ट दिसलं. ती कंबर ढिली पडली नाही. कराडच्या पोरीने तिला उचलून टाकलं आणि ती मानेवर पडली. त्या पोरीचा काही दोष नाही. ती खरी खेळली.

मिरजेच्या दवाखान्यात तो पैलवान आला. जिन्यापाशीच उभा राहिला.

"मावशी, थोरल्या भैनीसंगं मी घरीच खेळायचो. येकदा ढाकंचा डाव मारला. ती मानंवर पडली. अजून अंथरुणात हाय. तवापास्नं बाई समोर आली की माज्या अंगातला जोरच जातो."

"वस्तादाला ठावं हाय?"

"व्हय. म्हणून तर माजी जोड लावली. म्हणले, तुज्या हातनं पोरीला इजा व्हायची न्हाई."

मला त्याची कीव आली आणि त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसंही वाटलं. त्याने आपलं दुःख सांभाळलं, वस्तादाने आपली तालीम सांभाळली. आणि ती पोर मात्र वर्षभर रिकाम्या माणसाशी लढली.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. डॉक्टर मानेचा फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघतात आणि थांबा म्हणतात. परवा मी तिची वेणी घालताना तिने मला विचारलं, "आये, त्यातली येक तरी कुस्ती खरी व्हती का?"

मला उत्तर माहीत नाही. वस्तादाला माहीत आहे. तो अजून आमच्या दारात आलेला नाही, माझा फोन उचलत नाही. माझ्याशी बोलू नका, वस्ताद. पण तिच्यासमोर येऊन बसा आणि तिने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला द्या.