एमसी धोटाचं तिसरं कडवं

रॅपरच्या मागे लॅपटॉप घेऊन उभं राहायचं एकदा ठरवलं, की डोकेदुखीच्या गोळ्या आणि किस्से दोन्ही खिशात आपोआप साठत जातात. गोळ्या संपतात. किस्से संपत नाहीत!

सोलापुरात भवानी पेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या बोळात श्रीनू राहतो, तोच एमसी धोटा. घरात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम, म्हणून मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं नाव त्यानं घेतलं. मी त्याचा डीजे. त्याचं सगळ्यात भारी गाणं म्हणजे 'अम्मा'. तीन कडवी. तिसरं कडवं थेट त्याच्या आईवर आहे, आणि ते स्टेजवरून तिला ऐकवल्याशिवाय रेकॉर्ड करायचं नाही, असा त्याचा हट्ट. म्हणून अम्मा प्रत्येक शोला पहिल्या रांगेत. दिवसभर बिड्या वळणारी बाई, पण तेवढ्यासाठी मांडीवरचं पानं-तंबाखूचं सूप खाली ठेवून येते.

आता तुम्ही म्हणाल, तीन कडवी म्हणायला असा किती वेळ लागतो? ऐका मग.

*

पहिला शो आमच्याच भागातल्या गणपती मंडळाचा. दुसरं कडवं रंगात आलेलं, पोरं हात वर करून नाचतायत, आणि मंडळाचे अध्यक्ष शाल-नारळ घेऊन थेट स्टेजवर! श्रीनूच्या अंगावर शाल टाकली, ती माइकवरही पसरली. एका हातात नारळ, तोंडावर शाल, तरी गडी आतून रॅप करतोच आहे. मी अध्यक्षांना हात जोडले.

"साहेब, गाणं चालू आहे की!"

"मला जेवायला जायचंय," अध्यक्ष म्हणाले. "सत्कार आत्ता उरकू. गाणं काय, पुढच्या वर्षी पुरं करा!"

घरी जाताना अम्मानं विचारलं, "झालं का गाणं?"

"एक कडवं राहिलं, अम्मा."

"राहू दे. नारळ तर मिळाला की."

*

मग नातेपुत्याला एका कॉलेजचं गॅदरिंग. तिथं सत्कार आधीच उरकून घेतला, मी खुशीत. दुसरं कडवं संपतंय, इतक्यात सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी दुसरा माइक उचलला. "पांढऱ्या रंगाची गाडी, दारात लावलेली गाडी, ज्याची असेल त्याने गाडी, ताबडतोब काढावी गाडी!"

काय सांगू, सगळं बरोबर बीटवर! पोरांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" सरांनीही लाजत लाजत पुन्हा म्हटलं. गाडीवाला गाडी काढून परत आला तरी पोरं गाडीच मागत होती. श्रीनू बाजूला माइक धरून उभा. शेवटी सरच मला म्हणाले, "तुमचं म्युझिक चांगलं आहे हो, जरा मोठं करा!"

*

वेळापूरजवळच्या वाडीवर हळदीचा कार्यक्रम घेतला, ती चूक माझी नाही, श्रीनूची. मेंढरं राखणारं मोठं घर, माणसं लाख मोलाची, पण त्यांना डीजे म्हणजे ट्रकभर स्पीकर हवे होते. नवरीच्या मामानं माझ्या लॅपटॉपची पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. "बाकीचं सामान कुटं हाय?"

तरी श्रीनूनं सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, दुसरं अर्ध्यावर आलं. मामा अस्वस्थ. "ह्यो मघाधरनं नुसता बोलतोय. गाणं कवा म्हणायचा?"

नवरीच्या आजोबांनी त्यांना गप्प केलं. "बोलू द्या की त्याला. लई दिसांचं मनात साठलेलं दिसतंय. पर आगुदर पानी द्या कुनीतरी, घसा सुकला आसंल!"

झालं! एक बाई तांब्या घेऊन स्टेजवर. त्यानं पाणी प्यायल्याशिवाय हलेचना. मागोमाग दुसरी बाई चहा घेऊन आली. तिसरीनं विचारलं, "घरी भांडान झालंय का बाळा?" अम्मा पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून हसत होती. तिसरं कडवं चहात बुडालं.

*

साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला मालक म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात जरा आमची ऑफर घाल. एकावर एक फ्री."

मी म्हटलं, घाल बाबा, निदान कडवं तरी होईल! श्रीनू माइक ठेवून चालता झाला. वायरी गुंडाळायला मी एकटाच.

*

बरं, हे कडवं आहे तरी कसं, हे मला, त्याच्या डीजेलासुद्धा, माहीत नाही! साउंड चेकला म्हणत नाही. घरी सराव करतो तो मोरीत, दार लावून, नळ सोडून, म्हणजे अम्माला ऐकू जाऊ नये. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा अम्मा तणतणत माझ्या दुकानात आली.

"तुज्या दोस्ताला सांग! पानी आलं की ह्यो मोरीत जाऊन बसतो. बोळातल्या बायका भांडी घिऊन रांगेत, आन्‌ हितं नळ मोकळा सोडलेला!"

मी श्रीनूला झापलं. तो म्हणाला, "कलेसाठी एवढं करावं लागतं बे." मी तेव्हाच एक गोळी घेतली.

*

आणि मग परवाचा शो. आमच्याच पेठेतलं सभागृह. अम्मानं आधीच सांगितलं होतं, "आता हे शेवटचं. माज्यानं सारखं यायला हुत न्हाय." श्रीनूचा चेहरा उतरला. मग मीही जिद्दीला पेटलो. सत्कार आधी उरकला, दारातल्या गाड्या हलवल्या, दुसरा माइक काढून माझ्या पिशवीत टाकला, पाण्याचा तांब्या स्वतः स्टेजवर ठेवला.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. कुणी आलं नाही, काही बंद पडलं नाही. मी तिसऱ्याचा बीट सोडला.

श्रीनू गप्प.

मला वाटलं, स्टाइल मारतोय. बीट पुन्हा फिरवला. गप्पच! घामाघूम होऊन तो माझ्याकडे बघतोय. आयुष्यात कधी तिथपर्यंत पोचलाच नव्हता, आणि आज पोचला तर कडवंच विसरला! शब्द सुचवावेत तर मला कुठं माहीत? मी बीट तिसऱ्यांदा फिरवला, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"तंबाखूचा वास लागला बोटाला, तोच वास येतो माज्या घासाला..."

अम्मा उठून उभी होती. श्रीनूचा आ वासलेला.

"बघतोस काय? पानी आलं की मोरीत ह्येच म्हनतोस की! नळ सोडला म्हून काय मी भैरी झाले? म्हन फुडं, स्टेजवरनं उपाशी आलो, पाठीवर हात फिरव..."

आणि ती थांबली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"फुडची वळ तुजी तू म्हन. मला लाज वाटती."

श्रीनूनं माइक तोंडाशी नेला. मी बीट बंद केला.

"हात धुऊ नको अम्मा, तसाच घास भरव."

कुणी टाळी वाजवली नाही. अम्मा तशीच उभी होती. मग तिनं नाक पुसलं आणि नेहमीसारखं विचारलं,

"झालं का गाणं?"

"झालं, अम्मा."

"मग चल घरी. जेवायचंय की."