यादीत वंदनाचं नाव

कॉम्प्युटरवर काम केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत, ते मानगुटीवरच बसलेले असतात! ऐंशीच्या दशकात मी नागपुरात प्रोग्राम लिहायचो. नर्सिंगच्या प्रवेशाची यादी आमच्याकडे होती. आमच्या ऑपरेटर शांताबाई प्रत्येक माहितीच्या आधी एक खूण टाइप करायच्या, नंतर दुसरी. माझा प्रोग्राम दोन खुणांच्या मधलं वाचून छापायचा. शांताबाईंच्या मुलीनं, वंदनानंही अर्ज भरलेला, त्यामुळे दोघींचाही जीव टांगणीला!

*

एका मुलीच्या नावानंतरची खूण राहिली. प्रोग्राम वाचतच सुटला. पत्ता, मार्क, पुढची मुलगी... तीन पानं नुसतं नाव! आमचे साहेब कागद ओढत म्हणाले, "हे पोरगी आहे का मालगाडी?"

*

मग साहेबांचं फर्मान, पहिल्या दहा मुली ठळक छापा. मी नावाच्या आतच, 'कु.'च्या पुढे, ठळकची वेगळी खूण घातली. ती दिसताच प्रोग्राम थबकला आणि त्यानं आधीचं तेवढंच उचललं. दहाही हुशार मुली नुसत्या 'कु.'! बोर्डावर लावायला निघालेल्या शिपायाला मी जिन्यात गाठलं.

*

मे महिना, आणि एसी फक्त आमच्या खोलीत. साहेब दर दहा मिनिटांनी हजर. "काय गा, झालं का?"

"तुम्ही बाहेर गेलात की होईल, साहेब."

"बाहेर? एवढ्या उन्हात?"

*

शेवटचा दिवस. पाचला यादी लागायची होती. चारला प्रिंट निघाली, तर वंदना गायब! मार्क तर उत्तम होते. शोधलं तेव्हा कळलं, तिच्या वडिलांच्या नावाच्या खुणांमध्ये काहीच नव्हतं. आणि मधे रिकामं असेल तर अख्खा अर्ज वगळायचा, हे मीच लिहून ठेवलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरगी सहा महिन्यांची होती तवा गेला तो घर सोडून," शांताबाई म्हणाल्या. "पुन्हा तोंड नाही दाखवलं. म्या मुद्दामच नाही टाकलं त्याचं नाव."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "टाका ना बाई काहीतरी! पाच वाजून राहिले."

"काहीही चालते का जी?" शांताबाईंनी मला विचारलं.

"चालतं. फक्त रिकामं नको."

त्या बसल्या, टाइप केलं, उठल्या. प्रिंटर खडखडला. साहेब मोठ्यानं वाचू लागले आणि अडकले.

"वंदना. वडिलांचं नाव... शांता?"

"मशीननं तं वाचलं ना जी!"

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सहीसाठी पेन काढलं.