सात टाक्यांचा गड आणि माझी लाल पेन्सिल

कारभारी पुंजा बोरस्ते हा माणूस दिसायला इतका साधा होता, की वीस वर्षं नोकरी होऊनही कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन त्याच्याकडे पास मागायचा. सातपूरच्या आमच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता आणि मी त्याचा चेकर. म्हणजे त्यानं चित्र काढायचं आणि मी लाल पेन्सिल घेऊन त्यातल्या चुका काढायच्या. वयानं तो माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. पण मी डिप्लोमावाला आणि तो आयटीआयवाला, त्यामुळे मी खोलीत शिरलो की तो स्टुलावरून उठायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

१९९२ साली नव्या मशीनबरोबर एक इंग्रज इंजिनियर तीन महिन्यांसाठी आला होता. संध्याकाळी गेस्ट हाऊसवर त्याला करमेना, म्हणून त्यानं आम्हा चौघांना एक खेळ शिकवला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार होतो आणि एक दुनिया सांगत जातो: इथं दरी आहे, पलीकडे गुहा आहे, आत कुणीतरी श्वास घेतंय. बाकीचे आपापलं पात्र घेऊन बसतात आणि सांगतात, मी दोर टाकतो, मी पळतो, मी त्याच्याशी बोलतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. जाताना साहेबानं नियमांचं पुस्तक आणि फासे बोरस्तेला दिले. इंग्रजी मला येत होतं, पण दिले त्याला. त्यानं डिक्शनरी शेजारी ठेवून दीड वर्षात ते पुस्तक वाचून काढलं.

मग दर सुट्टीला आम्ही श्रमिकनगरात त्याच्या दोन खोल्यांच्या घरी जमू लागलो. मी, स्टोअरमधला राकेश आणि खरेदी विभागातली टायपिस्ट शुभांगी. बोरस्तेची बायको सुमनबाई चहा आणि मुरमुऱ्यांची भेळ पुढे ठेवायची आणि मोठी माणसं फासे टाकताना बघून कपाळावर हात मारायची.

सूत्रधाराला दुनिया सांगायला आधी लिहून ठेवलेली एक मोहीम लागते. नकाशे, खोल्या, त्यांत कोण राहतं, त्याला काय हवंय, सगळं. साहेबाच्या पुस्तकात दोन तयार मोहिमा होत्या. बोरस्तेला दोन्ही पसंत नव्हत्या.

"साहेब, ह्या मोहिमेत वाट एकच हाय," तो मला म्हणाला. "दारातून शिरा, राक्षस मारा, खजिना उचला. ही मोहीम नाय, ही वरात झाली. वरातीत नवरदेवाला कोणी इचारतं का, कुठं जायचं म्हून? चांगल्या मोहिमेला तीन वाटा तरी पायजेत. अन् राक्षस काय आपली वाट बघत उभा ऱ्हातो का? त्यालाबी पोट हाय. आपण जायच्या आधी त्याचं काहीतरी काम चालू पायजे."

एरवी दिवसाला दहा शब्द न बोलणारा माणूस यावर तासभर बोलायचा. खेळणाऱ्याला हरता आलं पाहिजे, आणि हरला तर स्वतःच्या निवडीनं हरला पाहिजे. मारामारीशिवाय सुटेल असा एक तरी मार्ग ठेवायचा, पण तो फुकट द्यायचा नाही. आणि लिहिणारा मेला तरी दुसऱ्या कुणालाही ती मोहीम चालवता आली पाहिजे. त्याचं सगळं बरोबर होतं. त्या टेबलावर त्याचं सगळं बरोबर असायचं, तेच मला खुपायचं.

दोन वर्षं मी एकच पात्र खेळत होतो. रणधीर नावाचा सरदार, माझ्यासारखाच, फक्त उंच. एका खेळात बोरस्तेनं तीनदा सांगितलं की विहिरीच्या पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. मी म्हटलं, रणधीरला दोर लागत नाही. फासा सगळ्यांसमोर पडला आणि एक आला, म्हणजे सगळ्यात वाईट. रणधीर मेला. मी आधी हसून म्हटलं, मग जरा जरबेनं म्हटलं, की बोरस्ते, पुन्हा टाकू.

"फासा पडला साहेब," तो म्हणाला. "आता माझ्या हातात नाय."

माझ्यासाठी स्टुलावरून उठणारा माणूस बसल्या जागेवरून मला नाही म्हणाला, तेही शुभांगीसमोर. राकेश तोंड फिरवून हसला. मी हे विसरलो नाही. माझा स्वभावच तसा आहे, डूख धरणारा.

१९९७ च्या सुरुवातीला इंग्रज साहेबाचं पत्र आलं. त्याचा एक मित्र तिकडे अशा मोहिमा छापायचा. बोरस्तेची मोहीम चांगली असेल तर तो छापणार होता, पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव टाकून. मार्चअखेर कागद पोचायला हवे होते. बोरस्तेनं ते पत्र शर्टाच्या खिशात ठेवून ठेवून त्याच्या घड्या विरवल्या. वीस वर्षांत त्यानं काही हजार चित्रं काढली होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याची फक्त आद्याक्षरं होती, भिंग लावून वाचावीत अशी. आता नाव छापून येणार होतं. सुमनबाई मला म्हणाली, "झोपेतबी त्याच गडावर असतात हो."

मोहिमेचं नाव होतं सात टाक्यांचा गड. ट्रेसिंग कागदाचे एकोणीस ताव, आणि अक्षर असं की छापलेलं फिकं पडावं. गडावर पाण्याची सात टाकी. सहा कोरडी, सातवं भरलेलं, आणि त्यावर एक राखणदार राक्षस. खाली दरीत गावं तहानेनं मरताहेत. राक्षसाला मारता येतं, फसवता येतं, विचारताही येतं. विचारलं तर कळतं की सातव्या टाक्यात त्याची मुलगी आहे, आणि ती बाहेर आली तर दरीतली ओलसुद्धा शिल्लक न ठेवता सगळं पाणी पिऊन टाकील. तीनशे वर्षं तो तिला गोष्टी सांगून झोपवतोय, आणि आता त्याच्या गोष्टी संपत आल्या आहेत. तो पाणी द्यायला तयार आहे. फक्त त्याच्या जागी कुणीतरी बसायला हवं.

शुभांगीनं मजकूर इंग्रजीत टाइप करून दिला होता, पण खेळताना मी मराठीतला वाचला. लिहिणाऱ्याशिवाय मोहीम चालते का ते बघायचं होतं, म्हणून सूत्रधार मी झालो आणि बोरस्ते स्वतःच्याच घराबाहेर ओट्यावर बसला. राकेश, शुभांगी आणि तिची मैत्रीण अंजली अशा तिघांनी सात तास खेळ केला. कुणी भेळेला हात लावला नाही. राकेशनं, ज्यानं आयुष्यात कुणाला स्वतःची सायकल दिली नाही, आपलं पात्र मागं ठेवतो म्हणून सांगितलं. शुभांगी म्हणाली, नाही, मी राहते, मला गोष्टी येतात. आणि ती खरोखर रडायला लागली, हुंदके देऊन. इतकं चांगलं काही मी आजवर खेळलो नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही.

"घरी जा आता," मी तिघांना म्हटलं. "त्याला काही सांगू नका. मी रीतसर तपासून देतो."

ताव मी ऑफिसात नेले. बोरस्तेनं प्रत्येक तावाच्या कोपऱ्यात आमच्या चित्रांसारखी चौकट आखली होती. 'रेखाटले: कारभारी पुंजा बोरस्ते.' खाली 'तपासले', आणि पुढे माझ्यासाठी मोकळी जागा. मी लाल पेन्सिल घेतली, पहिल्या तावावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारल्या, मध्ये 'रद्द' लिहिलं आणि खाली सही ठोकली. सोमवारी सगळे ताव त्याच्या टेबलावर ठेवून दिले.

मला काय हवं होतं तेही सांगून टाकतो. त्यानं माझ्या टेबलाशी यावं, उभं राहावं, आणि साहेब, पुन्हा एकदा बघा, म्हणावं. एवढंच. मग मी हसून सगळं खरं सांगणार होतो.

पण आमच्या खात्यात एक शिस्त होती, आणि ती बोरस्तेएवढी कुणी पाळली नाही. पूर्वी एकदा रद्द झालेल्या चित्रावरून खाली फाउंड्रीत चारशे चुकीचे नग ओतले गेले होते. तेव्हापासून रद्द चित्राची एकही प्रत शिल्लक ठेवायची नाही. काढणाऱ्यानं स्वतःच्या हातानं मूळ ताव ब्लेडनं कापायचा, सगळ्या प्रती गोळा करून नष्ट करायच्या, आणि सहीचा कोपरा तेवढा चेकरला परत द्यायचा. चेकरच्या लाल रेघेवर ड्राफ्ट्समन वाद घालत नसतो.

मी मंगळवारी वाट बघितली, बुधवारीही बघितली. गुरुवारी सकाळी त्यानं माझ्या टेबलावर एकोणीस कोपरे आणून ठेवले, पिन लावून, क्रमानं.

"बाकीचं?" मी विचारलं.

"काल बंबात घातलं साहेब. शुभांगीबाईंकडच्या टाइपच्या प्रतीबी आणल्या व्हत्या. काही ऱ्हायलं नाय." आणि तो आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

तेव्हाही बोलता आलं असतं. मार्च संपायला पाच आठवडे होते, सगळं त्याच्या डोक्यात होतं, हातही चालत होता. मी कोपरे ड्रॉवरमध्ये टाकले आणि चहा मागवला. आता जळून गेलंय, खरं कळलं तर त्याला जास्तच लागेल, म्हणून शुभांगीनं त्याला काही सांगितलं नाही. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग तिची बदली मुंबईच्या ऑफिसात झाली. राकेशनंही त्याला काही सांगितलं नाही, कारण त्याच्या रजेच्या अर्जावर सही माझी लागायची. खेळ बंद पडला. फासे सुमनबाईनं डब्यात घालून माळ्यावर टाकले.

२००१ मध्ये कंप्युटर आले आणि हातानं चित्र काढणाऱ्यांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. बोरस्तेचा कागद मी नेऊन दिला. तो उठून उभा राहिला आणि त्यानं सही केली.

२००६ च्या फेब्रुवारीत कामानिमित्त पिंपळगाव बसवंतला गेलो होतो. एका पॅकहाऊसबाहेर टेंपो भरत होते आणि द्राक्षांच्या पेट्यांवरच्या अक्षरांनी माझे पाय थांबले. ते अक्षर मी कुठंही ओळखलं असतं. आत बोरस्ते ब्रश घेऊन पेट्यांवर परदेशातल्या गावांची नावं घालत होता. मला बघून उठला.

चहा झाला. त्यानं दोनदा घसा खाकरला. "साहेब, नऊ वर्सं झाली, एक इचारू? गडात काय चुकलं व्हतं?"

काही चुकलं नव्हतं, हे तीन शब्द जिभेवर होते. खेळाबाहेर मीही आयुष्यात एकदा निवड करू शकत होतो.

"शेवट," मी म्हणालो. "कुणीतरी मागं राहायचं, ते पटत नाही हो. माणसं कंटाळली."

त्यानं सावकाश मान हलवली. "मलाबी तेच वाटलं. मी ओट्यावरून ऐकलं, शुभांगीबाई रडत व्हत्या. म्हटलं, कंटाळून आत भांडणं लागली." मग तो हसला, अगदी मनापासून. "बरं झालं तुम्ही येळेवर धरलं. छापून आलं असतं तर तिकडं नाव खराब झालं असतं. लय उपकार झाले साहेब."

त्यानं एक चांगली पेटी निवडली, तिच्यावर माझं पूर्ण नाव घातलं, वळणदार, ठळक, आणि माझ्या स्कूटरच्या मागे सुतळीनं बांधून दिली. मी नाही म्हणालो नाही. घरी येऊन आम्ही ती चार दिवस खाल्ली. द्राक्षं गोड होती.