लाल गाडीचं दावं

आमच्या घरात चाक असलेली वस्तू एकच होती, विहिरीवरचा रहाट, आणि तोही चार घरांत सामाईक. माण तालुक्यातलं आमचं गाव. वडील दुसऱ्याची मेंढरं राखायचे आणि आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. गावातून दहिवडीकडे जाणारा रस्ता तिनं फोडलेल्या खडीचा आहे. रस्ता झाला, त्यावरून गाड्या पळू लागल्या आणि आम्ही कडेला उभं राहून त्यांची धूळ खाऊ लागलो. त्याच रस्त्यानं चालत जाऊन मी दहावी झाले आणि पुढं सांगलीत राहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण ज्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे त्यानं माझं सगळं भौतिकशास्त्र दोन वाक्यांत गुंडाळून ठेवलं होतं.

त्यांना सगळे हेडी तात्या म्हणत. हेडी म्हणजे बैलबाजारातला दलाल. तात्या आमच्या भावकीतले, वडिलांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांची गंमत अशी की बाजारात ते आधी जनावराकडं बघतच नसत. विकणाऱ्याच्या पायांकडं बघत. मालक म्हणायचा, बैल गरीब हाय, लाथ न्हाई, शिंग न्हाई. तात्यांची नजर त्याच्या पायताणावर. पाऊल जरा इकडंतिकडं सरकलं की तात्या उठलेच. "मानूस त्वांडानं लबाड बोलतो," ते म्हणायचे, "पायाला ते जमत न्हाई."

मला ते मास्तरीण म्हणत, आणि तेही मी मास्तरीण होण्याच्या कितीतरी आधीपासून. चौथीत असताना त्यांच्या बैलाच्या औषधाच्या बाटलीवरचं मी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'. तोवर अर्धी बाटली बैलाला पाजून झाली होती. बैल जगला, उलट जरा तरतरीतच दिसू लागला, असं तात्यांचं मत होतं. पण त्या दिवसापासून छापलेलं काहीही आलं की ते माझ्यापुढं धरत. लग्नपत्रिका, विजेचं बिल, एकदा तर बिस्किटाचा पुडा.

पुढं ट्रॅक्टर आले, बाजारातली बैलं कमी झाली आणि तात्यांना काम उरलं नाही. पण गावानं त्यांना रिकामं बसू दिलं नाही. जुनी मोटारसायकल घ्यायची, चला तात्या. पिठाची गिरणी घ्यायची, चला तात्या. एका मुलीच्या बापानं त्यांना स्थळ बघायला नेलं, तर तात्यांनी नवऱ्या मुलाला अंगणात दोनदा चालायला लावलं आणि म्हणाले, "डाव्या पायावर भार देत न्हाई." मुलाच्या पायात नवी चप्पल चावत होती. स्थळ मोडलं. शेवटी आमच्या भावकीत असा नियमच होऊन गेला की पाय किंवा चाक असलेली कोणतीही वस्तू तात्यांनी पास केल्याशिवाय दारात आणायची नाही.

माझी गाडीची वेळ आली ती नोकरीमुळं. मी दोन कॉलेजांत तासावर शिकवत होते. सकाळी कवठे महांकाळला, दुपारी सांगलीत, आणि राहायला माधवनगरला भाड्याच्या खोलीत. सकाळची एसटी मनात आलं तर वेळेवर यायची. कवठे महांकाळच्या प्राचार्यांनी एप्रिलमध्ये बोलावून सांगितलं, "जूनपासून पहिला तास साडेसातला. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, दुसरे उमेदवार आहेत." ते रागावून बोलले नव्हते, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. तासावरच्या माणसाला काढावं लागत नाही. पुढच्या वर्षी बोलावलं नाही की झालं.

गाडी घ्यायची ठरली. साठवलेल्या पैशांत नवी येत नव्हती, तेव्हा जुनी. सहकारी म्हणाले, पांढरी घ्या, साधी घ्या, पुढं विकायला बरी पडते. मला लाल हवी होती. छोटी, बुटकी, मागं पंख असलेली आणि दाबल्यावर पळणारी. मी रोजच्या कामालाच घेणार होते, पण आमच्याकडच्या रोजच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि त्यांना ओलांडायला दम लागतो. हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण धुळीचं होतं, ते कुणाला सांगितलं नाही.

वडील म्हणाले, "तात्या व्हय म्हनला तर घे. न्हाई म्हनला तर एसटी हायच."

म्हणून मी वही घेऊन तात्यांकडं गेले. वहीत पाच गाड्यांची तुलना होती, टॉर्क आणि पॉवरचे आलेखसुद्धा काढले होते. तात्यांनी वही उलटी धरून नीट बघितली.

"टॉर्क म्हंजी?"

मी अर्धा तास समजावलं. बल, त्रिज्या, फिरणारा दांडा, सगळं.

"म्हंजी वढ," तात्या म्हणाले. "आन पावर म्हंजी पळ. येवढ्यासाठी सांगलीला ऱ्हायलीस व्हय सात वरसं?"

मग तंबाखू मळत म्हणाले, "तुला शर्यतीचा खोंड पायजे, आन त्यो रोज नांगराला जुपायचाय."

"तसंच समजा."

"जमतंय की. पर शर्यतीचं जनावर दुसऱ्याकडनं घेताना त्याला कुनी पळवलंय ते बघावं लागतं. जनावर वाईट नसतं, हाकणारा वाईट असतो. मला गाडी कळत न्हाई, मास्तरीण. इकणारा कळतो. चल."

पहिली गाडी आम्ही सांगलीत बघितली, जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडं. लाल, चकचकीत, आतून अत्तराचा वास. मी तर मनात तिला घेऊनही टाकलं होतं. तात्यांनी मालकाच्या पायांकडं बघितलं. मालक एका जागी उभा राहत नव्हता. तात्यांनी गाडीचं मागचं दार उघडायला लावलं, जादा चाक काढायला लावलं आणि त्या खळग्यात बोट फिरवलं. बोटाला बारीक मऊ माती लागली. ती त्यांनी जिभेला लावली.

"आवं आजोबा, काय करताय?" मालक म्हणाला.

"कृष्णेची हाय," तात्या म्हणाले. "पुरात बसली व्हती न्हवं ही? म्हशीवानी, गळ्यापतोर?"

मालकाचे पाय पार दुकानाच्या आत निघून गेले. मी नंतर तात्यांना विचारलं, माती चाखल्यावर खरंच नदी कळते का. "न्हाई गं. चिखल कुटला बी सारखाच लागतो. पर त्याला म्हाईत न्हवतं."

दुसरी कवठे महांकाळच्या एका पोरगेल्या पैलवानाची. गाडी चालू केली की शेजारची कुत्री उठायची. तात्यांनी पुढच्या टायरांवरून, खूर बघावेत तसा हात फिरवला. आतल्या अंगानं पार झिजलेली. एक दिवा नवा, एक पिवळा. "एक डोळा कदी गेला हिचा?" त्यांनी विचारलं. पैलवान म्हणाला, कारखान्यातूनच तशी आली. आम्ही चहा न घेताच निघालो.

मे संपत आला. माझी झोप उडाली होती, आणि साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांची लाल गाडी तेवढी राहिली होती. मुलानं हौसेनं घेतली आणि वर्षाच्या आत परदेशी नोकरीला गेला. तेव्हापासून सुभेदार तीत बसून मंडईत जात. तात्यांनी त्यांना निरोप दिला, गाडी आमी यायच्या आदी उटवायची न्हाई. "बसलेलं जनावर कसं उटतंय त्यावर त्याचं वय कळतं." सकाळी सातला आम्ही त्यांच्या फाटकाशी होतो. ताप बघावा तसा तात्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. गार. मी किल्ली फिरवली. पहिल्या हाकेला उठली. धूर नाही, खोकला नाही.

मग तात्या वळले सुभेदारांच्या पायांकडं, आणि तिथं सगळं अडलं. सुभेदार सावधानमध्ये उभे होते. टाचा जुळलेल्या, चवडे तिरके. तात्या विचारत होते, अपघात? "नेगेटिव्ह." पाय जागच्या जागी. दुसऱ्या कुनी चालवली? "नेगेटिव्ह." पाय जागच्या जागी. तात्या वाकून वाकून बघू लागले.

"काय पडलंय का, पावनं?" सुभेदारांनी विचारलं.

तात्यांनी मला बाजूला घेतलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता. "ह्या मानसाचं पाय मुकं हायेत, मास्तरीण. काय बोलतच न्हाईत."

"मग आता?"

"चाल बघू तिची."

मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी चालवायची आणि तात्यांनी कडेला छत्री टेकून तिची चाल बघायची. एक फेरी, दोन, पाच. बायका गॅलरीत आल्या. कुणीतरी विचारलं, शूटिंग आहे का. आठव्या फेरीला मला रडू येऊ लागलं. तात्या नाही म्हणाले तर जूनचा पहिला तास गेला, आणि हो म्हणायला त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. त्या नादात समोरचा गतिरोधक मला दिसलाच नाही. गाडी बुटकी. पोट घासलं आणि असा आवाज झाला की मीच डोळे मिटले.

उघडले तेव्हा सुभेदार वाकले होते. एक हात स्वतःच्या बरगडीवर. "आई गं," ते म्हणाले. "लागलं का तिला?"

"घे," तात्या लांबून ओरडले. "हीच घे."

"कशावरनं, तात्या?"

"गाडी घासली आन कळ ह्याच्या बरगडीत गेली. ह्यानं नसंल हिला कदी मारली."

भाव बैलबाजाराच्या रीतीनं, उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून ठरला. सुभेदारही शेतकऱ्याच्याच घरातले, त्यांना ते येत होतं. पैसे मोबाईलवरून पाठवायचे असल्यामुळं आकडा तेवढ्यापुरता माझ्या कानात सांगण्यात आला. मी कागदांवर सह्या करून बाहेर आले तर तात्यांनी किल्ली सुभेदारांच्या हातात ठेवली होती, आणि सुभेदारांनी ती कपाळाला लावून खिशात घातली होती.

मला क्षणभर समजेना. तात्यांनी समजावलं. जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायची दोरी, मालकाकडं राहतं. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. दावं दिलं तर मालकाच्या गोठ्याची बरकत जाते.

"तात्या, किल्ली म्हणजे दावं नाही. ती गाडीचा भाग आहे."

"मग काय शिंग हाय व्हय?"

मी सुभेदारांकडं बघितलं. ते म्हणाले, "बाळ, रिवाज आहे."

दुसरी किल्ली होती, पण कुठं ठेवली ते कुणाला आठवेना. दीड तास आम्ही चौघं, सुभेदारांच्या पत्नीसुद्धा, ट्रंका उपसत होतो. गाडी माझी झालेली, टाकी भरलेली, आणि चालणारी किल्ली सुभेदारांच्या सदऱ्याच्या खिशात वाजत होती. एवढ्यापुरती द्या, मी म्हणाले. दोघांनी एकदम माना हलवल्या. तात्यांनी तर गाडी साताऱ्यापासून ढकलत न्यायचा पर्याय काढला, "हाकत न्यायाची की," आणि सुभेदार बाह्या सावरूही लागले. शेवटी दुसरी किल्ली शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत सापडली. तिचं बटण मेलेलं होतं. आजही कॉलेजच्या आवारात सगळे लांबून बटण दाबून गाड्या उघडतात आणि मी कपाट उघडावं तशी किल्ली घालून उघडते.

त्या दिवशी तात्या मागच्या सीटवर मांडी घालून बसले. पुसेगावच्या पुढं मी पहिल्यांदा एका ट्रकला ओलांडलं. तात्यांनी मान वळवून मागं पडलेला ट्रक बघितला. मग म्हणाले, "वढ हाय."

पुढं दर रविवारी त्यांचा फोन यायचा. कशी आहेस वगैरे नाही, थेट "लंगडत न्हाई न्हवं?" मी म्हणायचे नाही. "आन तू?" मग मी माझं सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. थोडा ताप आला आणि दोन दिवसांत आटोपलं. दहाव्याला माणसं जमली होती, तेवढ्यात फाट्यावरून सुभेदार चालत आले. साताऱ्याहून दोन एसट्या बदलून. त्यांना कुणी कळवलं ते मला आजवर माहीत नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरांवरून हात फिरवला, वाकून पोट बघितलं. मी पाणी दिलं आणि म्हणाले, इतक्या लांब तुम्ही का त्रास घेतला.

"काही नाही, बाळ. गाडी बघायला आलो होतो फक्त," सुभेदार म्हणाले.

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. या वेळी पाय एका जागी नव्हते.

त्या गाडीनं मला तीन वर्षांत साडेसातच्या तासाला एकदाही उशीर होऊ दिला नाही. या जूनपासून मी कवठे महांकाळच्या कॉलेजात कायम झाले. दिवाळीत आईला घेऊन दहिवडीला गेले, तिनं खडी फोडलेल्या त्याच रस्त्यानं. ती पुढच्या सीटवर बसली होती आणि गाडी मी चालवत होते.